दिलीपच्या वाटणीचे तांदूळ

घोडेगाव सोडून एसटी डोंगरात शिरली आणि आमची गाणी बंद पडली. निम्म्या जणांना गाडी लागली होती, त्यांत मीही. तळेघरच्या पुढे एका वाडीत आमच्या कॉलेजचं दहा दिवसांचं श्रमदान शिबिर होतं; ओढ्यावर बंधारा घालायचा होता. मला मात्र एवढीच हौस, की गावाने मागाहून माझं नाव काढावं. तळेघरला उतरून फावडी-घमेली घेत तासभर चाललो. कापणी झालेली भाताची खाचरं (बांध घातलेली लहान शेतं) ओढ्यापर्यंत उतरत गेली होती.

जेवायला प्रत्येकाला एक घर नेमून दिलेलं. मला ठकूमावशींचं मिळालं. ताटात नाचणीची भाकरी आणि वालाचं कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण).

"बस बाळा. हितंच दिलीप बसायचा," मावशी म्हणाल्या.

दिलीप आमच्याच कॉलेजात, माझ्या एक वर्ष पुढे. मागच्या शिबिरात तो याच घरी जेवायचा. आरशाच्या कडेला त्याचा फोटो खोचलेला होता, हातात फावडं आणि दात काढून हसणारा. पोस्टाने पाठवला होता म्हणे.

"लई गुनाचा पोरगा. चार भाकऱ्या खायचा."

मी पाच खाल्ल्या. दुपारभर पोट धरून बसलो.

त्याचा बंधारा तर पावसात वाहूनही गेला होता. असले बंधारे दर साली नव्याने घालावे लागतात. तरी वाडीत जो तो दिलीपचंच विचारी. माझा नुसता जळफळाट होत होता.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, दाभणाने तोंड शिवायचं आणि त्या ओढ्यात रचायच्या, असं काम. दिलीपपेक्षा भक्कम हवं म्हणून मी गोण्या ठासून भरल्या. चौथ्या दिवशी माझी अख्खी रांग गडगडली. धुणं घेऊन आलेल्या मावशी काठावर उभ्याच होत्या.

"तटतटून जेवल्यावर मानसाला तरी नीट बसाया येतं व्हय? गोनीचं तसंच. जरा ढिली भर, म्हंजी एकीवर एक बसंल. दिलीपला कदी सांगाया लागलं न्हाई."

सगळ्या गोण्या उसवून पुन्हा भरल्या. नवव्या दिवशी पाणी कमरेएवढं तुंबलं. मावशींनी हंडा बुडवला. मी कान टवकारले.

"झ्याक झालं," त्या म्हणाल्या. "दिलीपनी बघाया पायजे व्हतं."

निघताना त्या तळेघरपर्यंत चालत आल्या आणि नव्या तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली. मी ती छातीशी धरली.

"येवढं दिलीपला दे. कालेजात भेटतो ना?"

मंचरला वाटलं, पिशवी गाडीतच विसरावी. पुढे वाटलं, तांदूळ आपणच शिजवून खावेत. शेवटी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ती दिलीपपुढे आपटली.

"घे. दहा दिवस मावशी तुझंच नाव काढत होत्या."

तो हसत सुटला. "माझं? अरे, मला दहा दिवस त्यांनी सतीश ऐकवला. माझ्या आधीच्या सालचा. त्याचे तांदूळ मीच आणले होते!"

म्हणजे पुढच्या साली त्याच जागी बसून कुणीतरी माझं नाव ऐकणार होतं. मला फार गार वाटलं. फावडं हातात धरलेला माझा फोटो त्याच आठवड्यात पोस्टात टाकला. टाकल्यावर लक्षात आलं, फोटो आरशापाशी राहील, पण कोरड्यास तो नवा खाणार. त्याचं नावगावही माहीत नव्हतं, तरी मी त्याच्यावर जळू लागलो.