काळ्या दगडावर आम्लाचा थेंब

वहिनींचा फोन आला तेव्हा मी जळगावला, जिथे शिकवतो त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. "नाना पहाटे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. "अहो, काल तर दिवसभर माझ्याबरोबर होते!" मी ओरडलोच, जणू हा पुरावा ऐकून त्या आपलं बोलणं मागे घेणार होत्या. महिना झाला... अजून पटत नाही.

नाना धुळ्याला भूगर्भशास्त्र शिकवायचे. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग मित्र; त्यांच्या बायकोला वहिनी म्हणायचो. दगड ओळखायची त्यांची शिस्त कडक. आधी हातोडीने फोडायचा, कारण वरचा थर ऊन-पावसाने बदललेला असतो. मग भिंगातून कण बघायचे, चाकूने ओरखडा काढायचा. आम्लाचा थेंब टाकायचा तो चुनखडीचा संशय असला तरच. फसफसलं की चुना. मी एकदा काळ्याकुट्ट बेसाल्टवर आम्ल ओतलं, तर सगळ्या वर्गासमोर अहिराणीत म्हणाले, "याना घर आम्लनी विहीर शे का?" पोरांची हसून हसून पुरेवाट झाली.

त्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं लळिंगचा डोंगर चढत होतो. थोडं चढलं की नाना बसत, भिंग डोळ्याला लावत. "तू चाल पुढे, मी दगड देखी ऱ्हायनू." असं चार-पाचदा झालं. आमच्या धंद्यात दगडापाशी बसलेल्या माणसाला का बसलात, असं कोणी विचारत नाही. शेवटी तर त्यांनी बाटली काढून साध्या बेसाल्टवर आम्लाचा थेंब सोडला आणि त्याकडे बघत राहिले. फसफसणार काय, कपाळ! मी वरून ओरडलो, "नाना, म्हातारे झालात!" ते हसले. चेहरा घामाने निथळत होता. मला वाटलं, ऊन आहे.

दहाव्याला वहिनी म्हणाल्या, "आठ दिवस छातीत दुखत होतं त्यांच्या. तुम्हाला बोलले नाहीत?" ते बसून दम खात होते, आणि मी वर उभा राहून थट्टा करत होतो! माझा राग येतो, त्यांचाही येतो. एक शब्द बोलले असते तर तासाभरात दवाखान्यात पोचलो असतो...

परवा वर्गाला घेऊन त्याच चढावर गेलो. एक विद्यार्थिनी मागे राहून दगडापाशी बसली होती. मी धावतच खाली उतरलो. "दम लागलाय का तुला?"

ती दचकली. "नाही सर, यात पांढरे स्फटिक दिसताहेत."

होते खरे. तरीही ती उठेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.