आण्णांची थंडी भट्टी

आण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, बंडाच्या सलूनमध्ये. तोंडाला साबणाचा फेस, गळ्यात पांढरं फडकं, आणि शेजारच्या खुर्चीवर एक काळं लांबट भांडं. भांड्यालाही तसंच फडकं गुंडाळलेलं. त्याची वायर आरशाखालच्या बोर्डात खोचली होती. केस कापायचं मशीन एरवी तिथंच लागायचं, त्यामुळे त्या दिवशीची सगळी गिऱ्हाइकं बंडा कात्रीवर भागवत होता. मी शिरोलीहून बसमध्ये उभ्यानं आलेलो. खुर्ची दिसली म्हणून भांडं जरा सरकवून टेकणार, तेवढ्यात फेसातून आवाज आला.

"ओ पावणं! तिथं हुलगं बसल्यात."

मी दचकून उभा राहिलो. मी मुळात केस कापायला आलोच नव्हतो, खोलीची चौकशी करायला आलो होतो. नववीत शाळा सुटली, मग गोंदियाकडून निघून इकडं शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत ग्राइंडिंगला लागलो. तेव्हा मी एका कामगाराच्या खोलीत कोपऱ्यात झोपायचो आणि त्याचा घरमालक रोज सकाळी माझ्या चपलांकडं बघून खाकरायचा. बंडाला मी हळूच विचारलं, इथं कुठं खोली मिळेल का? बंडानं उत्तर द्यायच्या आधी आण्णांनी मान वळवली. वस्तरा थोडक्यात हुकला.

"नाक चालतंय का?"

मला वाटलं, कोल्हापुरात खोली देताना असंच विचारत असतील. हो म्हणालो.

"मग त्या झाकणाजवळ जा आणि सांग, काय म्हणतंय."

मी वाकून वास घेतला. लसूण, आलं, हुलगे. आणि काहीतरी जळकं. तसं सांगितलं. आण्णा ताडकन उठले, बंडा ओरडला, भांड्याचं झाकण उघडलं गेलं, आत सगळं निवांत होतं. जळत होतं ते मागच्या बाजूला बंडाच्या पोऱ्यानं इस्त्रीखाली विसरलेलं फडकं. ते विझवून झाल्यावर आण्णा अर्ध्या दाढीनं माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "खोली वरची हाय. आजच या."

आता ते नाहीत. त्यांना न पाहिलेल्या माणसाला ते भांडं कळणार नाही, म्हणून आधी भांड्याचं सांगतो. मल्लाप्पा आण्णांनी उभा जन्म फाउंड्रीत लोखंड वितळवलं. भट्टीवाला म्हणून शिरोलीत त्यांचं नाव होतं. वास घ्यायची ताकद कधी गेली ते त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांची बायको, म्हणजे काकू, गेल्यावर ते एकटेच रांधून खायचे. एकदा त्यांनी गॅस सोडला, पेटवायचा विसरले, आणि शेगडीसमोरच स्टूल टाकून पेपर वाचत बसले. शेजारच्या पुष्पाकाकी बोंबलत आल्या म्हणून वाचले. पुण्याहून लेक आली, गिरिजाताई. तिनं सिलिंडर उचलून नेला आणि त्या जागी हा विजेवरचा स्लो कुकर ठेवला. सकाळी सगळं आत टाकायचं, संध्याकाळी आयतं गरम सूप. काही जळत नाही, काही उतू जात नाही. आणि तिनं दोन अटी घातल्या. घरात चालत्या नाकाचा भाडेकरू ठेवायचा. आणि पुन्हा काही भलतंसलतं कानावर आलं, तर घराला कुलूप आणि आण्णा पुण्याला.

म्हणजे माझ्या डोक्यावरचं छप्पर त्या भांड्यावर उभं होतं. मी मुळातच घाबरट. कामावर जाताना कडी तीनदा ओढून बघणारा. मला ही गोष्ट कळल्यापासून मी भांड्यालाही जाता-येता नमस्कार करत होतो.

आण्णांना भांड्याचा राग होता. "आरं, तासाभरात टनभर लोखंडाचं पाणी केलंय मी. आणि ही भवानी मूठभर हुलगं शिजवायला दिवस घेतीया! भट्टी हाय का ऊन?" म्हणून त्यांनी तिचं नाव थंडी भट्टी ठेवलं. पण राग असला तरी शिस्त भट्टीचीच. रात्री भिजवलेले हुलगे, मूठभर मूगडाळ, ज्वारीच्या कण्या, गाजर, दुधी, शेवग्याच्या शेंगा, कांदा, लसूण, आलं, वर कांदा-लसूण चटणी. हा सगळा माल ओट्यावर ओळीनं मांडायचा, मग मोठ्यानं "चार्ज!" म्हणून आत टाकायचा; भट्टीत घालायच्या मालाला फाउंड्रीत चार्ज म्हणतात. लोखंड वितळताना वर मळी येते, तिला ते स्लॅग म्हणत. हुलग्यावर फेस आला की तोही स्लॅग. चमच्यानं काढून बशीच्या कडेला. त्याला कुणी सूप म्हटलं की चिडायचे. "सूप हाटेलात. हे कढण हाय."

गॅस नसल्यामुळे फोडणी करता येत नव्हती. त्यावर पुष्पाकाकींनी तोड काढली होती. मी संध्याकाळी शिफ्टवरून येऊन हातपाय धुतले की त्या आपल्या स्वयंपाकघरात पळीत तूप-जिरं-लसूण तडतडवायच्या आणि ती पळी घेऊन बोळातून पळत यायच्या. "सरका, सरका, फोडणी हाय!" बोळातली पोरं, सायकली, कुत्री, सगळी भिंतीला चिकटायची. पळी कढणात बुडली की चर्रर्र असा आवाज व्हायचा आणि आण्णा डोळे मिटायचे. वास येत नव्हता, आवाज येत होता. मग माझ्याकडं वळायचे. "काय म्हणतंय?" मी वास सांगायचो, त्या हिशोबानं ते मीठ घालायचे. दिवसभर लोखंड घासून आलेल्या माणसाला कुणीतरी वाटी भरून वाट बघत बसलेलं असणं म्हणजे काय, हे मला लिहिता येत नाही. आई फोनवर विचारायची, "जेवला काय रे?" मी म्हणायचो, जेवलो, आणि खोटं बोलावं लागायचं नाही.

सगळी गोची एकाच गोष्टीची होती. भट्टीवाला पेटलेली भट्टी सोडून जात नाही.

कुकरबरोबर इंग्रजी पुस्तिका आली होती. मला वाचता येत नव्हती आणि आण्णांनाही. पण तिच्यात चित्रं होती. एका चित्रात भांडं चालू, आणि एक बाई खांद्याला पर्स लावून दाराबाहेर हसत निघालेली. मी म्हटलं, "आण्णा, हे कामावर जाणाऱ्यांसाठीच आहे. चालू ठेवून जायचं असतं."

आण्णांनी चित्र उजेडात धरलं. "ही बाई भट्टी पेटवून निघाली कुठं?"

"ऑफिसला असेल."

"आणि हसालीया वर! घरात कुणाला सांगितलंय का हिनं?"

त्या पर्सवालीवर त्यांचा कायमचा राग बसला. पण दिवसभर घरात बसून राहणंही त्यांना जमेना. त्यामुळे जिथं आण्णा, तिथं भट्टी. हातात पिशवी, पिशवीत भांडं, गळ्यात एक्स्टेंशन बोर्ड. बँकेत त्यांनी ते पाण्याच्या मशीनची वायर काढून लावलं. दवाखान्यात कंपाउंडरनं भांड्यालाही नंबर दिला, आणि नंबर आल्यावर आण्णा त्याला घेऊन आत गेले. डॉक्टरांनी झाकण उघडून बघितलं आणि म्हणाले, हिला काही झालेलं नाही, तुमचं बीपी बघू. एका लग्नात ते आचाऱ्याच्या भांड्यांच्या रांगेत ठेवलं होतं. तिथं मुलीचा मामा आधी कढण मागून प्यायला, मग मठ्ठा.

या सगळ्यापर्यंत ठीक होतं. घोटाळा झाला नृसिंहवाडीला. पुष्पाकाकींचा नवस होता, त्यांच्याबरोबर आण्णाही गेले. देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर एका पेढेवाल्यानं भल्या मनानं बोर्ड दिला. आण्णा तिथं पाटावर मांडी घालून बसले आणि एकाग्र होऊन फेस काढू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलं, म्हातारा माणूस, डोळे खाली, पळी हातात. दोघं थांबले. दोघांमागं चार. बघता बघता रांग लागली. लोक ओंजळ पुढं करून उभे. आण्णा नंतर सांगत होते, "नको कसं म्हणायचं? हात पुढं आल्यालं." पेढेवाल्यानं द्रोण दिले. कुणीतरी विचारलं, "आजोबा, हा कुणाचा प्रसाद?"

"गिरजाचा," आण्णा म्हणाले. कुकर गिरिजाताईंनी दिलेला, म्हणून.

रांगेत मागं बातमी गेली की गिरिजामातेचा प्रसाद आहे. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या बायका पोरांना पुढं ढकलू लागल्या. एकानं मोबाईलवर चित्रण केलं. आण्णा रिकामं भांडं घेऊन उपाशी घरी आले आणि म्हणाले, "लई लोकांनी नाव घेतलं गिरजव्वाचं."

ते चित्रण फिरत फिरत पुण्याला घरच्या ग्रुपवर पोचलं. त्याच रविवारी सकाळी बोळाच्या तोंडाला गाडी येऊन थांबली. शिरोलीला सुट्टी सोमवारी, त्यामुळे मी कामावर निघायच्या तयारीत होतो. गिरिजाताई आत आल्या त्या सरळ आण्णांसमोर.

"आण्णा, गॅस होता तेव्हा तुम्ही नुसते विसरत होता. आता हे काय आहे? लोक माझ्या नावानं 'माता की जय' म्हणतायत!"

"चांगलंच म्हणालेत की."

"बॅग भरा."

आण्णांनी मान खाली घातली. कोपऱ्यात कुकर बसला होता, चार्ज नुकताच टाकलेला. ताई थोडा वेळ त्याच्याकडं, मग आण्णांच्या वाकलेल्या मानेकडं बघत राहिल्या. त्यांचा आवाज उतरला. "बरं. एक करा. आज दिवसभर माझ्याबरोबर इचलकरंजीला आत्याकडं चला. हे चालू राहील. दार लावून जायचं, कुणी राखणीला बसायचं नाही. जमलं, तर राहा इथं. नाही जमलं, तर तिथूनच पुण्याला. बॅग गाडीत राहील."

आण्णांनी बॅग भरली. बटण चालू असल्याची खूण म्हणून जळणारा लाल दिवा त्यांनी एकदा डोळे बारीक करून बघितला, पाठ फिरवली आणि गाडीत जाऊन बसले. इतकं अवघडून चालणारा माणूस मी कधी पाहिला नाही.

कामावर माझं काही चालेना. ग्राइंडरवर हात आणि डोक्यात लाल दिवा. वायर गरम झाली तर? लाइट गेली तर? आण्णा अर्ध्या वाटेतून परत फिरले तर? मग मी कुठं? दुपारी अर्धा दिवस मागून घेतला आणि घरी पळालो. नुसतं डोकावायचं, असं ठरवून.

दार उघडंच होतं. त्यांच्याकडच्या किल्लीनं उघडून पुष्पाकाकी स्टूल टाकून भांड्यासमोर बसल्या होत्या. "मी आपली सहज," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं बंडा आला. रविवारी दुकान बंद करून! हातात नवा एक्स्टेंशन बोर्ड. "जुना दगा दिला तर काय करता?" आम्ही तिघं बसलो. काकी मधूनमधून झाकण उघडून हुलगा चिमटीत दाबून बघायच्या. मी वास घ्यायचो. बंडाला यातलं काही येत नव्हतं, तो नुसता उघडायचा आणि "हाय, हाय" म्हणून बंद करायचा.

उजेड असतानाच गाडी परत आली. आम्हाला उठायला वेळच मिळाला नाही.

आण्णा उंबऱ्यात थांबले. आमच्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "कुणी सांगितलंतं बसायला?"

बंडानं नवा बोर्ड पाठीमागं लपवला. आण्णांचा आवाज चढला.

"मी सोडून गेलतो की! दिवसभर! एकदा तरी घड्याळ बघितलं का मी, विचारा गिरजाला!"

"नाही बघितलं," ताई म्हणाल्या. "बासुंदीवरची साय तेवढी काढून ताटाच्या कडेला लावत होते."

"ते जाऊ दे. आणि हितं ही तीन गिधाडं! सोडून गेल्यालं मातीत घातलं माझं!" ते बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.

आमच्यामुळं आण्णांचं घर गेलं, असं मला वाटलं. निदान वाटी तरी गरम मिळावी म्हणून मी झाकण काढून कढण वाढलं आणि ताईंना दिलं. त्यांनी दातांखाली हुलगा धरला. कट असा आवाज आला.

"कच्चं आहे."

त्यांनी पुस्तिका शोधून काढली आणि उभ्यानं वाचली. मग वर पाहिलं. "झाकण उघडलं की आतली ऊब जाते, आणि पुन्हा शिजायला वेळ लागतो, असं लिहिलंय. किती वेळा उघडलंत?"

काकी पदराशी खेळू लागल्या. बंडा म्हणाला, "मी आपला फक्त बघायला."

घरात दुसरं काही खायला नव्हतं. ताईंना अंधार पडायच्या आत निघायचं होतं. पण भूक सगळ्यांनाच लागली होती. झाकण लावलं आणि वाट बघत बसलो. ताई चपला काढून आण्णांच्या शेजारी कट्ट्यावर बसल्या. पुण्याहून त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. "नाही, अजून जेवले नाही. शिजतंय." थोड्या वेळानं पुन्हा आला. "नाही, शिजतंयच." तिसऱ्या वेळी त्यांना बोलता येईना, हसूच येत होतं. आण्णाही खांदे हलवत होते. बोळातून जाणारे "गिरजव्वा, कधी आलीस?" म्हणून थांबत होते, टेकत होते. बंडानं दोन माणसांच्या दाढ्या तिथंच कट्ट्यावर उरकल्या. बापाबरोबर इतका वेळ नुसतं बसून, कुठंही न निघता, ताईंना किती वर्षं झाली होती, कोण जाणे.

काकी पळी घेऊन बोळातून धावत आल्या. फोडणी पडली. ताई दोन वाट्या प्यायल्या आणि तिसरीसाठी त्यांनी वाटी पुढं केली.

निघताना त्यांनी गाडीची डिकी उघडली, आण्णांची बॅग काढली आणि माझ्या हातात दिली. "ही आत ठेवा. आणि उद्यापासून झाकण जरा कमी उघडत चला."

मी "हो ताई" म्हणालो. झाकणाचं मला काहीच ऐकू आलं नव्हतं. फक्त 'उद्यापासून' ऐकू आलं होतं.

गाडी गेली. आण्णांनी बॅग उघडली. आत इस्त्रीचे चार शर्ट, दोन धोतरं आणि काकूंचा फोटो, टॉवेलात नीट गुंडाळलेला. म्हणजे ते खरंच जायच्या तयारीनं निघाले होते. एकेक शर्ट त्यांनी परत खुंटीला लावला, फोटो भिंतीवर होता तिथं टांगला, आणि मी उभाच आहे हे बघून ओरडले,

"हुलगं भिजत घाल की मर्दा! बघत काय हुबा ऱ्हायलाईस?"