माझ्या मुलाखतीचं टेबल

माझ्या मुलाखतीचं टेबल मीच मांडलं होतं.

पांढरा कपडा अंथरला. पाण्याच्या बाटल्या, काजूच्या बश्या, पेनं, कोरे कागद ठेवले. प्रोजेक्टरची वायर टेबलाखालून ओढायला गुडघ्यांवर बसले, तेवढ्यात निवड समितीतले दोघं आत आले. मी टेबलाखालीच होते. त्यांनी पाय जरा बाजूला घेतले, इतकंच. मग चहा आला. तोही मीच दिला.

मग बाहेर जाऊन साडीच्या निऱ्या नीट केल्या, फाईल उचलली, आणि नाव पुकारल्यावर त्याच दारातून उमेदवार म्हणून आत गेले. बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ दाराजवळच्या खुर्चीत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी रिकामा कप पुढे केला.

"हे घेऊन जा."

मी घेतला. एका हातात प्राध्यापकीच्या नेट परीक्षेचं सर्टिफिकेट असलेली फाईल, दुसऱ्या हातात कप. बाहेर गेले, कप बेसिनवर ठेवला, परत आत आले.

"अरे, तुम्हीच का उमेदवार?" ते म्हणाले. सगळे हसले.

मीही हसले. त्यांच्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. माझ्या हसण्याची अजून शिसारी येते.

"कुठल्या तुम्ही?"

"बारवी धरणाच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, सर. आम्ही ठाकूर."

"मग तारपा वाजवता येत असेल."

"तारपा वारल्यांचा, सर."

"तेच ते."

कॉम्प्युटरचा एकही प्रश्न नाही. उमेदवाराने समितीसमोर फळ्यावर थोडा वेळ शिकवून दाखवायचं असतं. मी तयारी करून गेले होते. तज्ज्ञांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, राहू दे. संध्याकाळी कळलं, योग्य उमेदवार मिळाला नाही. जागा रिकामी राहिली. टेबल आवरायला मीच थांबले होते.

उल्हासनगरच्या त्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर सायन्स शिकवायची. म्हणजे जितके तास, तितका मोबदला. उन्हाळ्यात घरी बसायचं आणि जूनमध्ये पुन्हा विभागप्रमुखांच्या दारात उभं राहायचं. कायम झालेल्यांची वाट वेगळी. सहायक प्राध्यापक, मग सहयोगी, मग प्राध्यापक, अशी त्यांची शिडी असते. आम्ही ती शिडी खालून धरून उभे राहायचो. त्यांचे पेपर आम्ही तपासायचो, त्यांच्या बढतीच्या फायली आम्ही लावायचो. लॅबमधला कॉम्प्युटर बंद पडला की आम्ही. कुणाच्या मुलाचा लॅपटॉप बिघडला तरी आम्ही. मुलं मला मॅडम म्हणायची. प्रमुख सर कायमच्या बायकांना मॅडम म्हणायचे आणि मला "ए".

ती एकच जागा माझ्यासारख्यांसाठी होती, अनुसूचित जमातीसाठी राखीव. ती वर्षानुवर्षं अशीच रिकामी दाखवत राहिलं की पुढे काहीतरी करून खुली करून घेता येते, अशी स्टाफरूममध्ये कुजबुज होती. सरांच्या हाताखाली पीएचडी केलेला एक जण तिच्याकडे डोळे लावून होता. त्याला डिपार्टमेंटमध्ये कपाटसुद्धा मिळालं होतं. माझी पर्स प्रिंटरच्या मागे असायची.

पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात आली. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"इंटरव्ह्यूला ये हां. कोणीच आलं नाही तर बरं दिसत नाही. पण जास्त बोलू नकोस. काही विचारलं तर सांग, आठवत नाही. जूनमध्ये तुझे लेक्चर्स माझ्या हातात आहेत, यू नो."

मी जायला वळले.

"आणि टेबलाचं तू बघशीलच."

"हो, सर," मी म्हणाले. तोंडातून आपोआप निघालं.

मी घाबरले होते. लपवून काय करू? अंबरनाथला मोरिवलीत माझी भाड्याची खोली, मागे कंपन्या, उशाला केमिकलचा वास. रात्री झोप लागेना. जून गेला तर खोली गेली. खोली गेली तर वाडी. वाडीत पोरींना सांगतात, शिका, ती बघा कॉलेजात शिकवते. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू? वर्गात शिकवताना मधेच आवाज जायचा आणि मुलं विचारायची, मॅडम, तबियत ठीक है ना? अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी तर पाय धरून वर चहाही देत होते.

रविवारी वाडीवर गेले. आई अंगणात चुलीला जाळ घालत होती. तिला सगळं सांगितलं. कपाचंही सांगितलं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आईने एक लाकूड चुलीत आत सारलं. मग म्हणाली, "उलटा नको बोलू बाय. सायेब हाय तो. हाय तां बी जाईल."

आणि हसली.

ते हसू मी ओळखलं. मी लहान असताना जंगलात एका गार्डने आईची मोळी अडवली होती. कोयता काढून घेतला आणि म्हणाला, ही माझ्या क्वार्टरवर नेऊन टाक. आईने मोळी डोक्यावर घेतली आणि त्याच्याकडे बघून अशीच हसली. मी तिच्या लुगड्याला धरून चालत होते. मला वाटलं होतं, गार्ड ओळखीचा असेल. म्हणून आई हसली असेल.

ती घाबरली होती. घाबरलं की आमच्यात हसतात. आई हसली, मी हसले. चुलीपुढे बसल्या बसल्या मला कळलं. कपाचं ओझं काही नव्हतं, पण मी आईचीच मोळी वाहत होते. नेट पास होऊन, साडी नेसून, फाईल घेऊन.

मुलाखतीच्या दिवशी मी लवकर पोचले. हॉलमध्ये गेले नाही. बाहेर उमेदवारांसाठी बाक होता, त्यावर बसले. फाईल मांडीवर, त्यावर दोन्ही हात दाबून. हॉलचं दार उघडं होतं आणि आतलं उघडं टेबल दिसत होतं. एक मन म्हणत होतं, ऊठ, नुसता कपडा अंथर, त्यात काय जातंय.

सर आले. "ए, टेबल?"

"मी उमेदवार आहे, सर."

एवढंच बोलले. तेही कुजबुजल्यासारखं. सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पाया पडावं, सॉरी म्हणावं. पण बाक सोडला नाही. मग शिपाईकाका आणि एक कायमचे सर धावपळ करत बाटल्या नेताना दिसले.

आत तज्ज्ञ तेच होते. हातात ट्रे नव्हता, म्हणून त्यांनी मला ओळखलं नाही.

नाव, गाव, शिक्षण. मग म्हणाले, "ठीक आहे, या तुम्ही."

"माझा डेमो राहिलाय, सर."

"गरज नाही."

"मागच्या वर्षीही राहिला होता."

मी खडू घेतला. बायनरी सर्च शिकवायला घेतलं. ओळीने लावलेल्या आकड्यांत एक आकडा शोधायचा, तर दर वेळी मधला बघायचा. मधला कसा काढायचा ते फळ्यावर लिहिलं, पहिल्या आणि शेवटच्या जागेची बेरीज भागिले दोन, आणि बेरजेला कंस घालायला विसरले. पहिल्या वर्षाची मुलं चुकतात तशी चुकले. तज्ज्ञ सरसावून बसले.

"बघा, हे असं असतं," ते सरांकडे वळून म्हणाले.

कान तापले. ओठ आपोआप हसायला लागले, ते मला कळलं. मी दात दाबून धरले. हसले नाही.

"चुकले, सर. कंस राहिला." कंस घातला. पुढे शिकवलं. आवाज कापत होता, तसाच शेवटपर्यंत नेला. मग खडू ठेवला आणि म्हणाले, "अयोग्य लिहायचं असेल तर कशात अयोग्य, तेही लिहा."

तज्ज्ञांनी पेनाला टोपण लावलं.

लिहिलं त्यांनी जे लिहायचं ते. योग्य उमेदवार मिळाला नाही. सर म्हणाले, "बोर्डवर चूक केलीस, मी काय करणार?" एक कंस. आणि जूनमध्ये त्यांच्या दारात गेले तेव्हा म्हणाले, "यंदा तुझं वर्कलोड बसत नाही. तास नाहीत." मला माहीत होतं. तरी जिना कठड्याला धरून उतरले.

आता बदलापूरला मांजर्लीत एका क्लासमध्ये शिकवते. पाऊस जास्त झाला की नदीचं पाणी क्लासच्या पायरीला लागतं आणि सुट्टी द्यावी लागते. मोरिवलीची खोली अजून आहे, उद्याचं सांगता येत नाही. आई विचारते, "काय मिळाला तुला बोलून?"

ती जागा अजून रिकामी आहे. जाहिरात पुन्हा येईल. मी अर्ज करणार. त्याच बाकावर जाऊन बसणार. भीती गेलेली नाही, जाईल असं वाटतही नाही. असू दे. टेबल मांडणार नाही. हसणार नाही. आणि कुणी रिकामा कप पुढे केला, तर हात फाईलवरून उचलणार नाही. त्यांचा हात दुखेपर्यंत कप तसाच हवेत राहू दे.