वानोळा पोचवणारी

मी आमचं कडाव गाव सोडलं त्या दिवशी रिक्षा दारात उभी होती, बॅगा चढवून झाल्या होत्या, आणि आईने माझ्या हातात सोललेल्या वालांची वाटी ठेवली. "काकीकडं देऊन ये गं, पटकन." मी चिडले. पोरगी परदेशी निघालीय आणि हिला वालांची पडलीय! पण आमच्याकडे नवं पीक आलं की पहिलं थोडं शेजारीपाजारी जायचं, वानोळा म्हणून, आणि तो पोचवायचं काम लहानपणापासून माझं होतं. गेले मुकाट्याने. काकीने रीतीप्रमाणे रिकामी वाटी परत न देता तिच्यात चिमूटभर साखर घातली. लहानपणी ती साखर कधी घरापर्यंत आलीच नाही, मी वाटेतच चाटून टाकायचे. त्या दिवशी मात्र घाईत ती रुमालावर झटकली, वाटी पर्समध्ये कोंबली, आणि ती माझ्याबरोबर विमानात बसली.

त्याला पाच वर्षं झाली. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, औषधांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये मी नमुने तपासते. गावाकडे असताना मोहोपाड्याच्या कारखान्यात करत होते तेच काम, फक्त इथे खिडकीबाहेर गाई चरतात. कॉर्क म्हणजे बूच, हे भावाने सांगितल्यापासून आई गावभर सांगते, "आमची पोर बुचाच्या गावाला हाय."

गावात राहिलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला माझे समुद्रकाठचे फोटो दिसतात. ते सगळे मार्ताने काढलेत. मार्ता पोलंडची, लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर. तीही इथे माझ्याइतकीच परकी, पण बसस्टॉपवर दोन मिनिटं उभी राहिली तर तिसऱ्या मिनिटाला कुणाच्या तरी घरी चहाला निघालेली असते. मी "पुढच्या रविवारी बघू" म्हणायचे आणि ती मला ओढून न्यायची, कधी कड्यावर, कधी कुंपणातल्या ब्लॅकबेऱ्या तोडायला. हे शहर मी तिच्या मागे मागे फिरून पाहिलं. ती माझी इथली एकुलती एक मैत्रीण, आणि मी तिच्यावर जळायचे. जे लांब जाऊन राहिलेत त्यांना कळेल मी काय म्हणते ते.

यंदा हिवाळ्यात ती भारत बघायला निघाली. मी आपलं तोंडदेखलं म्हटलं, "माथेरानला गेलीस तर आमचं घर जवळच आहे, जेवून जा." बाई जेवायला गेल्या आणि अकरा दिवस राहिल्या.

एका रविवारी मी हीटरवर ओले मोजे पसरत होते आणि फोनमध्ये मार्ता आमच्या शेतात होती. डोक्याला आईचा टॉवेल गुंडाळून ती भांबुर्डा खुडत होती. पोपटी लावायची होती. मडक्यात वालाच्या शेंगा आणि अंडी भरायची, वर हा भांबुर्ड्याचा पाला ठासायचा आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. आई तिच्यावर ओरडत होती, "अगं तसा नाय, दाबून भर गं! हातात जोर हाय का नाय?" मी ऐकत राहिले. पाच वर्षांत आई माझ्यावर एकदाही ओरडली नव्हती. मला फोनवर फक्त "जेवलीस का, बरी हायस ना" असं विचारायची, पाहुण्यांना विचारतात तसं. फोनची बॅटरी संपत आलीय असं खोटंच सांगून मी फोन ठेवला.

मार्ता परत आली ती थेट माझ्या दारात. "आईने वानोळा दिला हाय," ती म्हणाली आणि नव्या भाताच्या पोह्यांची पिशवी पुढे केली. 'आहे' आणि 'नाही' तिला मी शिकवलं होतं. कर्जतच्या शाळेत पोरी हसल्या म्हणून मी जे हाय-नाय घासूनपुसून काढलं, ते ही बया अकरा दिवसांत उचलून घेऊन आली होती. पण डोक्यात तिडीक गेली ती पिशवी बघून. वानोळा दुसऱ्याच्या घरी जातो, आणि तो पोचवते घरची पोरगी. म्हणजे आता घरची पोरगी ही, आणि मी काकी? मी पिशवी घेतली आणि तिला आत ये असंसुद्धा म्हटलं नाही.

लगेच आईला फोन लावला. "मला कशाला वानोळा? मी परकी झाले का?"

आईला आधी कळेचना. मग म्हणाली, "तुजं घर हाय ना तिथं? घर हाय तिथं वानोळा जायचाच. तू तिथं कुणाकुणाला दिलास?"

कुणालाच नाही. पाच वर्षांत मी आपणहून इथे कुणाच्या दारात गेलेच नव्हते. काकीकडची ती वाटी आरशापुढे होती, तिच्यात मी केसांच्या पिना ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी मी पिना काढल्या, वाटी धुतली, पोह्यांनी भरली आणि दोन स्टॉप चालत मार्ताच्या खोलीवर गेले. खोटं कशाला बोलू, त्यात अर्धी माफी होती आणि अर्धा हिशेब होता: आज पोचवणारी मी, घेणारी तू. "काल चहा राहिला," मी म्हटलं. बाजूला सरून तिने मला आत घेतलं.

आता घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी सांगते, जिथून वाटी भरून निघते ते. निदान त्या दिवसापासून तरी.

त्या दिवशी निघताना वाटी मागितली तर मार्ता म्हणाली, "थांब गं, रिकामी नाय द्यायची," आणि तिने डब्यातून चिमूटभर साखर काढून वाटीत घातली. हे तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. काकीकडेही जाऊन आली होती तर! मी पुन्हा जळले, चांगली जळले. आणि बसस्टॉप यायच्या आत सगळी साखर चाटून टाकली.