गरम गॅरेजात भरलेली हवा

शनिवार, सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. अहिल्या टिपणीस गॅरेजच्या फरशीवर कुशीवर आडवी झाली होती आणि स्नोमोबाईलच्या मागच्या शॉकमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळकांड्यात, हातपंपाने हवा भरत होती. दाबाचा काटा शंभर पौंडांवर आला तशी ती थांबली. नळी काढली, टोपण फिरवून घट्ट केलं. हात उघडे होते, अंगात नुसता स्वेटर होता.

तिच्यापासून चार हातांवर, विजेच्या शेगडीवर तिची आई सुरमई तळत होती.

"किती तुकडे बांधू?"

"आई, टेस्ट आहे माझी. पिकनिक नाहीये."

"टेस्टला उपाशी जातात का? आणि तुझ्या त्या साहेबालाही दे एखादा."

"वेन साहेब नाहीये, आई. टीम लीडर आहे. आणि तो मासे फक्त पकडतो, खात नाही."

"हे आणखी काय? पकडतात आणि सोडून देतात? रिकामटेकडे मेले."

अहिल्याला हसू आलं, पण ती हसली नाही. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. सात वाजता डोंगराच्या पायथ्याशी हजर व्हायचं होतं.

मोंटानाच्या पश्चिम भागातल्या लार्च क्रीक या गावात ती पाच वर्षं राहते. गावच्या छोट्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. हिवाळाभर तिच्याकडे मोडलेले गुडघे आणि निखळलेले खांदे येतात, त्यातले निम्मे स्नोमोबाईलवरून पडलेल्यांचे. गावच्या शोध-बचाव पथकात ती स्वयंसेवक आहे, मात्र दोन हिवाळे तिने पायथ्याच्या ट्रकमध्ये रेडिओसमोर बसून काढले. वर अडकलेल्यांना आणायला जातात ते मशीनवाले. ती त्यांची ठिकाणं नकाशावर मांडते आणि हवामान वाचून दाखवते. पथकात तिला 'रेडिओ' म्हणतात. "रेडिओ, कॉफी आहे का?" असं विचारतात तेव्हा त्यांच्या मनात वाईट काही नसतं. तरी तिला ते लागतं.

वर जायचं तर परीक्षा द्यावी लागते, आणि ती वर्षातून एकदाच होते. मशीनमागे बचावाची घसरगाडी जोडायची, तिच्यात ऐंशी किलोंचा वाळूचा पुतळा बांधायचा आणि उभ्या उताराला आडवं जाऊन तीन झेंड्यांच्या वरच्या बाजूने पलीकडे पोचायचं. मशीन उलटलं की संपलं.

गेल्या वर्षी तिचं मशीन दुसऱ्या झेंड्यालाच उलटलं होतं.

का उलटलं, हे शोधायला तिला एप्रिल ते नोव्हेंबर लागले. डोंगरी स्नोमोबाईल कारखान्यातून येते ती नव्वद किलोंच्या माणसासाठी. अहिल्या बावन्न किलोंची. तिच्या वजनाने त्या स्प्रिंगा दबतच नव्हत्या. प्रत्येक उंचवट्यावर मशीन तिला वर फेकत होतं, तिचा पाय उभं राहायच्या फळीवरून सुटत होता, आणि उतारावर पाय सुटला की मशीन खाली जातं. खरं तर रोज रुग्णांना ती हेच शिकवते: वजन कुठे टाकता ते सांभाळा, बाकीचं शरीर सांभाळतं.

मऊ स्प्रिंगा घातल्या की प्रश्न सुटला, असं पथकातल्या दोघातिघांनी सांगितलं. ते तितकं सोपं नव्हतं. एकटीला मऊ स्प्रिंग छान, पण मागे गाडी आणि पुतळा आला की मागची बाजू खाली बसणार. मागची बसली की पुढच्या स्की, म्हणजे वळवायच्या पट्ट्या, हलक्या होणार, बर्फ धरणार नाहीत आणि मशीन वळणार नाही. म्हणजे तिला एकाच मशीनमध्ये दोन मशीनं हवी होती. एक रिकामं, एक ओझ्याचं.

सप्टेंबरात एके दिवशी तिने सगळा सरंजाम चढवला. हेल्मेट, बूट, हिमस्खलनात फुगणारी पिशवी, फावडं, रेडिओ. आणि व्हीलचेअरसकट रुग्ण तोलायच्या इस्पितळातल्या काट्यावर जाऊन उभी राहिली. सदुसष्ट किलो. रिसेप्शनवरची बाई बघत राहिली, पण आता खरा आकडा हातात होता. त्यावरून ठरलं: पुढे मऊ स्प्रिंगा, मागे हवेचा शॉक. हवेचा शॉक पंपाने हवा तसा मऊ किंवा कडक करता येतो.

वेनला हे पटलं नव्हतं. वेन पासष्टीचा, तीस वर्षं पथकात.

"हवा?" तो म्हणाला होता. "स्प्रिंग थंडीत स्प्रिंगच राहते. हवा थंडीत आक्रसते."

"म्हणून मी थंडीतच भरणार ना," ती म्हणाली होती.

आणि हिवाळाभर तिने तसंच केलं. तिच्या गॅरेजला हीटर नव्हता. आत नि बाहेर थंडी सारखीच. त्या थंडीत, जाड हातमोजे घालून, ती शंभर पौंड भरायची आणि डोंगरावर ते शंभरच राहायचे. दर शनिवारी ओझं बांधून सराव झाला. मशीन एकदाही उलटलं नाही.

बुधवारी आई आली. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून, विमानाने, बर्फातली सुरमई खोक्यात घालून. पद्मिनीबाई मूळच्या ठाण्याच्या. मिनेसोटात बत्तीस वर्षं काढली, पण मासळीवाचून आठवडा जात नाही. अहिल्या तिसरीत असताना शाळेत कोणीतरी तिचा कोट हुंगून नाक मुरडलं होतं. त्याच आठवड्यात ईडन प्रेरीच्या घरातली तळणाची शेगडी गॅरेजमध्ये गेली, ती कायमची. तेव्हापासून मासे तळायचे ते गॅरेजात, आणि थंडी असेल तर आदल्या रात्री हीटर लावून. इथेही पद्मिनीबाईंनी गुरुवारी दुकानातून हीटर आणला, शुक्रवारी रात्री लावला आणि झोपायला गेल्या. शुक्रवारी वाऱ्याचा इशारा होता, म्हणून मशीनही रात्रभर आतच होतं.

"घे, डबा," पद्मिनीबाई म्हणाल्या. "आणि ते हातमोजे इथे शेगडीपाशी ठेवलेत, ऊब लागावी म्हणून. पडू नकोस गं."

"पडायला नाहीच चाललेय, आई. बाय."

डोंगराच्या पायथ्याशी उणे चोवीस होतं. वाहनतळावर तीन ट्रेलर उभे होते. अहिल्याचा, कोडी नावाच्या लाकूड गिरणीतल्या धिप्पाड पोराचा आणि ब्रेंट नावाच्या सुताराचा. वेनने टोपीतून चिठ्ठ्या काढल्या. पहिला नंबर अहिल्याचा.

"नीट ऐका," वेन म्हणाला. "अकराच्या सुमाराला कड्यावर वारा येणार आहे. वारा आला की मी उतार बंद करतो. ज्याचं राहिलं त्याचं राहिलं. पुढच्या वर्षी भेटू."

म्हणजे पहिला नंबर हे नशीब होतं. कोरा बर्फ, शांत हवा. वरपर्यंत तासभराची वाट होती. वर पोचल्यावर गाडी जोडली, पुतळा बांधला. अहिल्या फळीवर उभी राहिली आणि सवयीने एकदा गुडघ्यात दबली.

मशीन दबलं, आणि जरा जास्तच दबलं.

ती खाली उतरली. शॉकच्या दांड्यावर तिने एक रबरी कडं बसवलं होतं. शॉक जितका दबेल तितकं ते सरकतं आणि तिथेच राहतं. रोज ते दांड्याच्या मध्याशी असायचं. आज टोकाला टेकलं होतं.

गळती? तिने वाकून पाहिलं. तेलाचा डाग नव्हता, टोपण घट्ट होतं. सील फाटलं असेल तर काहीच इलाज नव्हता. तिने नाकावरचा बर्फ पुसायला हात तोंडाजवळ नेला, आणि हातमोज्याला तळलेल्या सुरमईचा वास आला.

हातमोजे शेगडीपाशी होते. सकाळी ती उघड्या हातांनी हवा भरत होती. अख्ख्या हिवाळ्यात तिने हातमोज्यांशिवाय पंप धरला नव्हता, धरताच आला नसता. गॅरेज गरम होतं. रात्रभर तापलेल्या शॉकमध्ये शंभर पौंड भरले होते, आणि तेच शंभर इथे उणे चोवीसमध्ये पंच्याऐंशीवर आले असणार. भिंतीवर थर्मामीटर होता. तिने पाहिला नव्हता.

"रेडिओ!" वेनने हाक मारली. "तयार?"

तिने उताराकडे पाहिलं. कोरा, गुळगुळीत, वारा नसलेला. पंधरा पौंड कमी. कदाचित निभेल. मागची बाजू बसेल, पण ती वजन पुढे टाकून सांभाळेल. गेल्या वर्षीही तिला वाटलं होतं की सांभाळेल.

"तयार का?"

"नाही," ती म्हणाली. "मागे हवा कमी आहे. पाच मिनिटं दे."

"इथे पाच मिनिटं नसतात. हो असेल तर नीघ. नाही असेल तर सगळ्यात शेवटी."

"शेवटी मग वारा येईल."

"येईल बहुतेक."

कोडी हेल्मेटची काच वर करून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं की त्याला पहिला नंबर हवाय.

"मग शेवटी," अहिल्या म्हणाली आणि मशीन बाजूला घेतलं.

पंप मागच्या पिशवीत होता. नळी बसवताना हातमोजा काढावा लागला, आणि आटे लागेपर्यंत बोटांची टोकं पांढरी पडली. काट्याने त्र्याऐंशी दाखवले. दोन नळीतच गेले असतील. ती भरत गेली. नव्वद. पंच्याण्णव. शंभर. मग तिने खाली पाहिलं.

कोडी चालला होता. जड माणूस, जड मशीन, झेंड्यांच्या लगेच वरून सरळ रेघ मारल्यासारखा पलीकडे पोचला. पण त्याच्यामागे बर्फात हातभर खोल चर पडला. मग ब्रेंट निघाला. त्याच चरात त्याची घसरगाडी तिरकी झाली, मशीनला खाली ओढलं, आणि पहिल्या झेंड्याशी सगळं उलटलं. त्याला, मशीनला आणि पुतळ्याला वर काढण्यात बराच वेळ गेला. त्यात उताराची पार नांगरट झाली.

कड्यावरून बर्फाची पिठी उडायला लागली होती.

त्या चरातून जायचं तर शंभर पौंड कडक होते. प्रत्येक काठावर मागची बाजू उसळली असती. हवा कमी केली तर पुतळ्याच्या ओझ्याने ती बसली असती. दोन्ही एकदम जमणार नव्हतं. अहिल्याने वर पाहिलं. चरांच्या वर अजून कोरा पट्टा होता, पण तिथे उतार जास्त उभा होता.

"रेडिओ, वारा आलाय," वेन म्हणाला. "आत्ता निघालीस तर घेतो. हो की नाही?"

तिने फळी एकदा पायाने दाबून कडं पाहिलं. मध्याशी.

"हो."

ती चरांच्या वर चढली. डावा पाय डोंगराकडच्या फळीवर, उजवा हवेत, सगळं वजन डावीकडे. मशीन कलतं झालं आणि त्या कलण्यावरच पुढे सरकायला लागलं. पहिला झेंडा बराच खाली राहिला. वाऱ्याने काचेवर पिठी आपटत होती. तिला फक्त पुढच्या दोन स्की दिसत होत्या, आणि त्या बर्फ धरून होत्या.

दुसऱ्या झेंड्याच्या वर घसरगाडी घसरली. तिला मागून ओढ बसली, कोणी कोट धरून खेचावं तशी. गेल्या वर्षी इथेच पुढच्या स्की उचलल्या गेल्या होत्या. आता मागची बाजू दबली, दबली आणि थांबली. स्की खालीच राहिल्या. तिने थ्रॉटल सोडला नाही.

तिसऱ्या झेंड्याजवळ बर्फाखाली काहीतरी होतं, खोड असेल. मशीन उसळलं, तिचा पाय फळीवरून सुटला, गुडघा आदळला. एका हाताने ती लोंबकळली आणि दुसऱ्या पावलाला फळी सापडली. मशीन बरंच खाली आलं होतं. घसरगाडीने झेंड्याची काठी मोडली, पण वरच्या बाजूने. त्यानंतर सपाटी होती.

तिने इंजिन बंद केलं. मागे वळून पुतळा अजून बांधलेला आहे ना, ते पाहिलं.

वेन मागून त्याच्या मशीनवर आला. मोडलेली काठी त्याच्या हातात होती.

"झेंडा मोडलास."

"वरून मोडला."

"वरून मोडलास," त्याने मान्य केलं. "फार वर गेलीस. मी गेलो नसतो. सकाळी हवा कुठे भरली होतीस?"

"गॅरेजमध्ये. हीटर चालू होता. आई मासे तळत होती."

"तीस वर्षांत मी खूप कारणं ऐकली," तो म्हणाला. "हे नवीन आहे." मग त्याने खिशातून पथकाचा पेजर काढून तिच्या हातात ठेवला. "उद्या सुपर बोलची मॅच आहे, सगळे टीव्हीसमोर. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंतच्या बचावाच्या पाळीला कोणी हात वर करत नाहीये. तू आहेस."

वाहनतळावर डबा उघडला तेव्हा तुकडे दगडासारखे गोठले होते. कोडीने एक ट्रकच्या हीटरवर ठेवून वितळवला आणि खाल्ला. आणखी आहे का, असं विचारलं. वेनने घेतला नाही.

घरी पद्मिनीबाईंनी सगळं उभ्याने ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्यामुळे?"

"नाही गं. थर्मामीटर तिथेच होता, माझ्या डोक्यावर. मी बघितला नाही."

"पण हीटर तर मीच लावला ना?"

"आई. हवा मी भरली."

पद्मिनीबाई गॅरेजमध्ये गेल्या, हीटरची वायर काढून गुंडाळली आणि शेगडी दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात आणली. उरलेल्या सुरमईला हळद-तिखट लावून ती फ्रिजमध्ये ठेवली.

"वास येईल हं घरात," त्या म्हणाल्या.

"येऊ दे."

मशीन आज रात्रभर गॅरेजबाहेर, अंगणात उभं राहील. उद्या रविवार. पेजर सहाला सुरू होतो. हवा तपासायची वेळ पाच चाळीस, बाहेर, हातमोजे घालून.