हाकेच्या अंतरावर

आमच्या साडूंबरोबर प्रवासाला निघालेला माणूस ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी पोचला, असं एकही उदाहरण अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचं नाही. त्यांच्याबरोबर वणीला देवीच्या दर्शनाला निघालेली मंडळी दिंडोरीच्या आसपास झेंडूच्या शेतात उभी राहून संध्याकाळ करतात आणि गडाला लांबूनच हात जोडून घरी परततात. सख्ख्या पुतणीच्या साखरपुड्याला अंगठ्या त्यांच्या खिशात होत्या. दोन्हीकडची मंडळी पाटावर बसली, भटजींचे मंत्र संपत आले, आणि दाजी सिन्नर रस्त्याला एका बंद पडलेल्या ट्रकच्या गंजक्या पत्र्यावर ऊन सरकण्याची वाट बघत बसले होते. आल्यावर त्यांनी माफी मागितली, पण ती मागतानाही मोबाइल पुढे करून सगळ्यांना तो गंज दाखवला. “बघा, हुबेहूब पैठणीचा रंग,” असं वरमाईला सांगणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि ते मला, वय आणि नातं दोन्ही तोलून, साडूभाऊ म्हणतात. उभं आयुष्य त्यांनी सरकारी खात्यात पुलांचे आराखडे काढण्यात घालवलं. सरळ रेघेखेरीज हातून दुसरं काही उमटलं नाही. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला आणि त्यांना जगातल्या सगळ्या वाकड्या, पोपडे आलेल्या, शेवाळलेल्या वस्तूंचं वेड लागलं. पंचवटीत राहून त्यांनी घाटाचा फोटो कधी काढला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, “घाट फोटो काढून काढून झिजलाय हो. त्याला जरा विश्रांती द्या.” त्याऐवजी ते भाजीबाजारात जाऊन वांग्यांच्या ढिगापाशी उकिडवे बसत. वांग्यांची रचना मनासारखी नसली तर बदलत. एकदा तिथल्या मावशी शेवटी म्हणाल्या, “बाबा, झालं असंल तर वांगी खाली ठेवा. गिऱ्हाईक कवाचं थांबलंय.” दाजींनी वांगी ठेवली, पण गिऱ्हाइकालाच जरा डावीकडे सरकायला सांगितलं. त्याची सावली पडत होती.

त्यांचं वर्ष आपल्यासारखं बारा महिन्यांचं नव्हतं. सर्वपित्री अमावस्या झाली की त्यांचं वर्ष सुरू व्हायचं आणि तुळशीचं लग्न लागलं की संपायचं. पाऊस धुऊन गेलेला, धूळ अजून उठलेली नाही, ऊन कलतं आणि गवत पिवळं पडायला लागलेलं. त्यांच्या मते देवाने जग केलं ते एवढ्या दिवसांपुरतं, उरलेले महिने फक्त बॅटरी चार्ज करायला दिलेत. त्या दिवसांत त्यांना गाडी लागायची आणि गाडी माझी होती. त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवणं म्हणजे काय, हे माझ्या रक्तदाबाच्या डॉक्टरांना विचारावं. दाजी बोलत नसत. खिडकीबाहेर बघत राहायचे आणि एकाएकी, घाटाच्या ऐन वळणावर, मागून एसटी हॉर्न देत असताना, “थांबा” म्हणून दार उघडायचे. गाडी थांबली की नाही हे बघायचा प्रश्नच नसे. मी अश्विनात घरातून निघताना देवाला नमस्कार करायचो, तो काही भक्तीने नव्हे.

ताई, म्हणजे माझी मेव्हणी, या सगळ्याकडे पाऊस-पाण्याकडे बघावं तसं बघायच्या. त्या सहसा बरोबर येत नसत. पण काही वर्षांपूर्वी, दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी यायची होती, तेव्हा त्यांनी त्र्यंबकला दर्शनाला जायचं काढलं. दाजी लगेच म्हणाले, “जाऊ की. आधी पुढे हरसूलच्या बाजूला खुरासणी फुललीय ती बघू, येताना दर्शन.” खुरासणी म्हणजे तिकडच्या उतारांवर तेलासाठी पेरतात ते पीक. फुललं की डोंगरच्या डोंगर हळदीचे होतात. माझ्या बायकोला शाळा होती, त्यामुळे आम्ही तिघंच निघालो.

ताईंना साखरेचा जुना आजार. सकाळी पोटात इन्शुलिनची सुई घ्यायची आणि लगेच खायचं, हा त्यांचा नेम. त्या दिवशी त्यांनी गाडीत सुई घेतली आणि थालिपीठाचा डबा काढला. दाजी म्हणाले, “इथे धुरात काय खातेस? हे वळण संपलं की शेत आहे. तिथे बसून खाऊ.” ते वळण संपलं, मग दुसरं संपलं. शेवटी एका कच्च्या रस्त्याला गाडी थांबवून ते उतरले आणि म्हणाले, “मी बसायची जागा बघून येतो.” एका खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात खाण्याची पिशवी घेऊन ते बांधावरून धुक्यात शिरले. जागा बघायला डबा कशाला लागतो, हे त्या क्षणी आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

धुकं हळूहळू उठलं. समोरचा सगळा उतार पिवळाधमक उघडा पडला आणि मलाही घटकाभर भान राहिलं नाही. मी काहीतरी म्हणालो. वळून बघितलं तर ताई कपाळावरचा घाम पदराने टिपत होत्या. ऐन गारव्यात त्यांचा ब्लाउज भिजला होता.

“ताई, बरं वाटत नाहीये का?”

“दूध घ्यायचं राहिलं,” त्या म्हणाल्या. “दूधवाला येऊन जाईल. दार उघडा ना.”

त्यांची नजर माझ्यावर होती, पण त्या मला बघत नव्हत्या. मी गाडीतले सगळे कप्पे उपसले. एखादी गोळी, बिस्किटाचा तुकडा, काहीतरी असेल म्हणून सीटखाली हात घातला. पाण्याची बाटली आणि जुन्या पावत्या एवढंच निघालं. मोबाइलला रेंज नव्हती. त्यांना घेऊन गावाकडे गाडी पळवावी, तर मागचा रस्ता खड्ड्यांचा, किती वेळ लागेल कोण जाणे. आणि खाणं असलेली पिशवी इथे कुठेतरी हाकेच्या अंतरावर असणार. मी ताईंना सीटवर नीट टेकवलं, दार लोटलं आणि बांधावर चढून जिवाच्या आकांताने ओरडलो.

दाजी दिसले. मध्ये एक ओहोळ होता आणि पलीकडच्या चढावर, फुलांत कमरेपर्यंत बुडालेले, ते तिकाटण्यावर कॅमेरा लावून आमच्याकडेच तोंड करून उभे होते. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येत होता. मी दोन्ही हात वर करून हलवले, उड्या मारल्या, गाडीकडे बोट दाखवलं. दाजींनी एक हात वर केला आणि तळवा माझ्याकडे धरला. तसेच राहा, हलू नका.

त्या माणसाचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. मी पुन्हा हात हलवले आणि ते पुन्हा कॅमेऱ्यावर वाकले. मी गाडीकडे धावलो, ताईंना हाक मारली, त्यांनी हुंकार दिला. परत बांधावर आलो. तेवढ्यात दाजी एकाएकी ताठ झाले. पुढे त्यांनी एकदाच मला सांगितलं की माझा चेहरा नीट यावा म्हणून त्यांनी लेन्सने गाडी जवळ ओढली, तेव्हा काचेला टेकलेली ताईंची मान त्यांना दिसली.

मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. साठी उलटलेला, गुडघे दुखतात म्हणून जिना कठड्याला धरून चढणारा माणूस कॅमेरा तिथेच टाकून, पिशवी छातीशी कवटाळून त्या उतारावरून धावत सुटला. ओहोळात पडला. उठला. एक चप्पल पाण्यातच राहिली. माझ्यासाठी साखरेचा चहा ताईंनी वेगळ्या थर्मासमध्ये घेतला होता, तो दाजींनी पिशवीतून काढून झाकणात ओतला. ताईंचं डोकं मी धरलं होतं. त्यांना गिळता येत होतं, तेवढं नशीब. घोट घोट चहा जात होता आणि दाजी लहान मुलाला समजवावं तसे पुटपुटत होते, “घे गं. एवढा घे. आता कुठे थांबायचं नाही. घे.”

बऱ्याच वेळाने ताईंनी डोळे नीट उघडले, दाजींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, पाय केवढा खरचटलाय.”

जवळच्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, सलाइन लावलं आणि दाजींना बाहेर बोलावून शांतपणे म्हणाल्या, “आजोबा, सुई घेतल्यावर जेवण लांबवायचं नसतं. अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते.” दाजी मान खाली घालून ऐकत होते. येताना पूर्ण रस्ताभर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

कॅमेरा आणायला चार दिवसांनी मी एकटा गेलो. ज्यांचं शेत होतं त्यांनी तो टॉवेलात गुंडाळून घरात ठेवला होता. “कोणी येईल असं वाटलं व्हतं,” ते म्हणाले. “बाई बरी हाय ना?” घरी येऊन मी तो चालू केला आणि शेवटचा फोटो बघून थिजलो. दाजींनी काढलेला इतका सुंदर फोटो मी आधी पाहिला नव्हता. सगळा पिवळा डोंगर, वर विरत चाललेलं धुकं, एक छोटीशी पांढरी गाडी आणि तिच्याशेजारी दोन्ही हात आभाळाकडे करून आनंदाने नाचणारा एक माणूस. तो मी होतो.

मी कॅमेरा पंचवटीला नेऊन दिला. दाजींनी त्याला हात लावला नाही. ते खुर्ची भिंतीकडे वळवून बसले होते. ताईंनी चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला. “छान आलाय,” म्हणाल्या. “पण यात मी कुठे आहे?” दाजी उठले, फोटोकडे न बघता हात लांब करून पडद्यावर बोट टेकवलं. “इथे.” ते बोट नेमकं गाडीच्या मागच्या काचेवर होतं.

त्यानंतर दाजी सुधारले, आणि ते सगळ्यांनाच फार जड गेलं. वेळेवर उठायचे, वेळेवर जेवायचे, ताईंच्या मागे बिस्किटाचा पुडा घेऊन घरभर हिंडायचे. मोबाइलवर गजर लावून ठेवायचे. कॅमेरा कपाटात गेला. दुसऱ्या वर्षीचा दसरा गेला तरी तो निघाला नाही. एक दिवस ताईंचा मला फोन आला. “हे दिवसभर नुसते माझ्याकडे बघत बसतात. मी काय उतू जाणारं दूध आहे का? जरा येऊन समजवा.” मी पोचलो तोवर त्यांनीच निकाल लावला होता. कपाटातून कॅमेरा काढून त्यांनी दाजींच्या गळ्यात अडकवला होता आणि म्हणत होत्या, “खाली तरी जाऊन या. मला काही झालं तर हाक मारेन.”

दाजींनी ती अट शब्दशः धरली. ताईंची हाक ऐकू येईल तिथवरच जायचं, त्यापुढे पाऊल नाही. एवढ्या जागेत गल्लीचं तोंड, भाजीवाल्यांचे दोन गाळे, एक सायकलचं दुकान आणि एका देवळाची मागची भिंत येत होती. त्या तुकड्यात त्यांनी जे काढलं ते मी बघत राहिलो. गोणपाटावर सांडलेली मेथीची पानं, पंक्चर बघायच्या घमेल्यातल्या पाण्यात उतरलेलं आभाळ, शेजारच्यांच्या दोरीवर वाळणारी भगवी उपरणी आणि त्यांच्या सावल्या. हरसूलचे डोंगर त्यांना पुन्हा लागले नाहीत. मी दरवर्षी विचारतो. ताई म्हणतात, “जाऊ की.” दाजी म्हणतात, “पुढच्या वर्षी.”

यंदा तुळशीच्या लग्नाआधी मी सकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. ताई ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या. मध्येच खिडकीशी जाऊन त्यांनी हाक मारली, “अहो.” उत्तर आलं नाही. त्यांनी आवाज चढवून पुन्हा मारली, तेव्हा जिन्यातून “ओ” आलं. त्या परत येऊन लाटायला लागल्या.

मी विचारलं, “काही काम होतं का?”

“काम कसलं. हाक पोचते का बघत होते. त्यांना ऐकू कमी यायला लागलंय. मागच्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी असायचे, आता जिन्याच्या खाली जात नाहीत. त्यांना वाटतं मला कळत नाही.”

दाजी वर आले. चहा पिताना त्यांनी मला या महिन्यातले फोटो दाखवले. जिन्याचा कठडा, दारातली तुळस, ओट्यावर निवत ठेवलेल्या पोळ्या, पीठ लागलेल्या बांगड्या. मग एका मागोमाग एक, खिडकीच्या उजेडात पाठमोऱ्या ताई, भाजी निवडणाऱ्या ताई, सुई घेऊन लगेच ताटावर बसलेल्या ताई. कुठल्याच फोटोत त्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या.

ताईंनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. “केस किती पांढरे दिसतायत माझे,” त्या म्हणाल्या.

दाजींना ते ऐकू आलं नाही. ते पुढचा फोटो पडद्यावर आणून माझ्यासमोर धरत म्हणाले, “हा बघा, साडूभाऊ. हा उजेड इतकी वर्षं आमच्या घरात होता.”