समोरच्याची बाजू

तत्त्वज्ञान आणि धर्म घेऊन पदवी करणारी त्या कॉलेजात ती एकटीच उरली होती. बरोबरच्या मुली एकेक करून अकाउंट्सकडे सटकल्या. कँटीनमध्ये सगळे तिला साधूबाई म्हणत. "साधूबाई, देव आहे का नाही, ते परीक्षेच्या आत कळव बरं का," असं म्हणून हसत आणि आपापल्या टेबलाकडे निघून जात. तीही हसायची. मग एकटीच चहा प्यायची.

वर्गात सर आणि ती. तरी सर हजेरी घ्यायचे. त्यांचा एक नियम होता: वादात आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही त्याच्याहून चांगली. तो "हो, अगदी हेच" म्हणाला, की मगच आपलं तोंड उघडायचं. दुसरं कुणी नसल्यामुळे दोन्ही बाजू तिच्याच गळ्यात. नास्तिक तीच, भक्तही तीच.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी विषय काढला. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं.

"शेवटचं वर्ष करायचं की दुकानात यायचं, ते आज ठरवून टाकू. बोल, तुझं काय ते."

ते वर्ष गेलं, तर तिच्याशी बोलणारा तो एक वर्गही गेला. आणि सवयीनं ती म्हणून गेली, "आधी तुमची बाजू मांडते."

मांडली. अशा पदवीवर नोकरी कोण देणार, इथून सुरुवात केली. दुकान आयतं असताना वणवण कशाला, हेही आलं. जन्मभर धर्म पाळणाऱ्यांना कधी पदवी लागली नाही, हे तर बाबांना स्वतःहून सुचलंच नसतं. ते ऐकतच राहिले.

"हो. अगदी हेच," म्हणत ते उठले. "चला, मिटलं. मला वाटलं, डोकं खाशील."

"बाबा, थांबा ना. माझं अजून राहिलंय."

"अगं, एवढं पटलंय तुला, आता काय राहिलं?" आणि ते बाल्कनीत गेलेसुद्धा.

आई भांडी विसळत होती. "झालं समाधान? दारूगोळा तूच पुरवलास."

"पण ते हो म्हणाले, आई. म्हणजे मी बरोबरच मांडलं."

"कसलं बरोबर. खरं कारण तर आलंच नाही."

"कोणतं?"

"मला काय विचारतेस? ज्याचं त्याला विचार."

बाबा कठड्याला टेकून उभे होते. ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुमचं काही सांगायचं राहिलं का माझ्याकडून?"

त्यांनी कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाले, "दुकानात कुणी नसतं गं. लोक येतात, डोळे तपासायच्या पाटीवरची अक्षरं वाचतात, जातात. कुणाशी बोललो म्हणावं, असं काही होत नाही. वाटलं, तू असशील."

याचं खंडन कसं करायचं, हे सरांनी शिकवलं नव्हतं. तरी ती हळूच म्हणाली, "मला कॉलेज सोडायचं नाही, बाबा."

"मग नको सोडूस. कुणी सांगितलंय?"

"तुम्हीच की."

"मी कुठे? मघापासून तूच बोलत होतीस."

दोघंही हसली. खाली रस्ता रिकामा होता. आता बोलायला कसलीच आडकाठी नव्हती. काय बोलावं, ते मात्र दोघांनाही सुचेना.